शुभ चौघडीतलं वेल्डिंग

अमेरिकेत, मोटारींचं माहेरघर असलेल्या डेट्रॉइटजवळ ट्रॉयमध्ये घर घेतलं, तेव्हाच नवऱ्याला जुन्या गाडीचं खूळ लागणार हे मला कळायला हवं होतं. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्याने एकोणसत्तर सालची, दोन दारांची, लांब नाकाची आणि भल्यामोठ्या इंजिनाची गाडी दारात आणून उभी केली. गॅरेजच्या काचा थरथरल्या. पुण्याहून सासूबाई आलेल्या होत्या. मला वाटलं, आता लेकाची चांगली हजेरी घेतली जाणार. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "अरे, मग मला कधी फिरवतोस?"

ऑगस्टमध्ये आमच्या भागात जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते. तीत या गाडीत बसूनच जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मिरवणुकीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचं परतीचं विमान होतं, आणि गुडघ्यांमुळे पुन्हा एवढा प्रवास करणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे संधी एकच.

आडवी आले ती मी. कारखान्यात वेल्डची तपासणी करणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि राग तर नाकावरच. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले आणि हसावं की रडावं कळेना. गाडीचे पत्रे ठिकठिकाणी स्पॉट वेल्डने टाचलेले असतात. इथे एक टाका दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेला, तर एक पत्र्याच्या कडेवरून घसरून अर्धा हवेत. छिन्नी घालून जरासं पिळलं, तर जोड चक्क सुटला. त्यात पुढची चौकट वेगळी, मागची वेगळी, आणि मधे नुसता पातळ पत्रा. मागचं एक चाक जॅकवर उचललं की अख्खी गाडी मुरडायची आणि दार लागायचं नाही.

"यात आईंना बसवायचं नाही," मी जाहीर केलं.

सासूबाई रुसल्या. माझ्या हातचा चहासुद्धा घेईनात. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "ठीक आहे, मीच रीइन्फोर्स करते!" संध्याकाळच्या क्लासमध्ये वेल्डिंग शिकले होते. पुढच्या आणि मागच्या चौकटीला जोडणाऱ्या दोन जाड पोलादी नळ्या दोन्ही बाजूंनी घालायच्या, की पिळवटणं थांबेल. सासूबाईंनी लगेच पंचांग उघडलं. शनिवारी सकाळी नऊपर्यंत शुभ चौघडी, मग राहुकाल. काम नवाच्या आत झालंच पाहिजे.

इथे आम्ही अशी चूक केली, जी फक्त आपलीच माणसं करू जाणोत. गाडी मधोमध स्टँडवर उचललेली, दोन्ही टोकं खाली लोंबलेली. वेल्ड करण्याआधी ती चाकांवर उभी करायची असते, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण दारात सासूबाई उभ्या, ठिणगीने काही पेटलंच तर म्हणून हातात पाण्याची बादली, नजर घड्याळावर, आणि "अगं, पावणेनऊ!" असा गजर चालू. मी भराभर वेल्ड मारत सुटले. नवाच्या ठोक्याला काम फत्ते! नारळ फुटला, पेढे वाटले.

गाडी खाली उतरवली. दार लागेना. दुसरं दार लागेना. नवऱ्याने ढुंगण लावून ढकललं, तरी लागेना. गाडी लोंबलेल्या अवस्थेतच मी तिला कायमची पक्की करून टाकली होती. आणि वर पंचांग पुण्याच्या सूर्योदयाचं निघालं! मी जमिनीवर बसकण मारून इतकी हसले, की पोटात दुखायला लागलं.

मग माझेच वेल्ड तोडायला बसले. तुटतात कसले! छिन्नीला दाद देईनात, ग्राइंडरला जुमानेनात. मी शिव्या घालत होते आणि आतून आनंदाने नाचत होते. नवरा म्हणाला, "यार, तुझं काम तुझ्याच डोक्यावर बसलंय." या खेपेला गाडी चाकांखाली ठोकळे देऊन उभी केली, माणसांऐवजी तांदळाची आणि कणकेची पोती आत ठेवली, आणि अगदी भर राहुकालात, सावकाश, वेल्ड केलं. सासूबाई मुकाट्याने बादली धरून होत्या.

मागचं चाक जॅकवर उचललं. नवऱ्याने त्यांना पुढे केलं. त्यांनी एका बोटाने दार ढकललं आणि ते खट्कन लागलं. त्या लहान मुलीसारख्या टाळ्या पिटायला लागल्या.

मिरवणुकीच्या दिवशी नवरा ऐटीत ड्रायव्हरच्या जागेकडे निघाला. सासूबाईंनी त्याच्या हातातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. "तू मागे बस रे. जोडलीय तिने, चालवेल पण तीच."

एका सिग्नलला शेजारी लाल गाडी येऊन गुरगुरायला लागली. माझा कान गाडीच्या तळाकडे. कुठे करकर नाही, कुरकुर नाही.

"अगं, बघतेस काय? दाब की!"

हिरवा लागला आणि दाबलं. आम्ही सीटला चिकटलो. सासूबाईंनी अशी काही किंकाळी मारली, की फुटपाथवरच्या लोकांनी टोप्या उडवल्या. पुढच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट होता, अंबाडा सुटलेला, डोळ्यांत पाणी.

"उद्या जायचं जिवावर आलंय गं," त्या म्हणाल्या.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता, मला मात्र समोरचं काही दिसत नव्हतं.