फोम मारलेल्या टिनावरची पावलं

भूत-बित मी मानत नाही. वायरमन आहे... लोकांच्या घरात 'आपोआप' लागणारे दिवे दुरुस्त करूनच पोट भरतो. तरीही हे लिहितोय, हसायचं तर हसा.

गाव वरवट बकाल, तालुका संग्रामपूर. घरावर टिनाचे पत्रे. दर उन्हाळ्यात बाबा शिडी लावून टिनावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, अंथरायचे, तेवढाच घरात गारवा. त्यांचा डावा पाय अधू होता. टिनावर चालले की ठप्प... मग घासल्याचा आवाज. आई खाली भाकरी थापता थापता त्या आवाजाशीच बोलायची. मागच्या दिवाळीनंतर बाबा गेले.

आईला बीपीचा त्रास, ऊन सोसत नाही. म्हणून यंदा टिनाला आतून, उष्णता अडवणारा फोम मशीननं फवारून मारून घेतला. घर गार झालं, पण आई जेवेना.

"काऊन जेवत नाही माय?"

"टिन वाजत नाही आता. ते आले तं मले कसं समजन?"

मला रडूच आलं.

फोम उघडा राहिला की पिवळा पडतो, भुगा गळतो. रंग देणं भागच होतं. आई म्हणे, "रंग देला का कायमचंच बंद झालं." शेवटी एका दुपारी, "कर तुले काय करायचं ते," म्हणून तोंड फिरवून पडली.

मी स्टुलावर चढलो. फोमला खड्डेच खड्डे, रोलर पोहोचत नाही, ब्रशनं टोचून टोचून रंग भरावा लागतो. अर्धं छत झालं असेल — आणि डोक्यावर ठप्प... घास... ठप्प... घास.

माकडं! ब्रश घेऊनच बाहेर पळालो. टिनावर काहीच नव्हतं, नुसतं ऊन. तापलं की टिन वाजतं, मान्य. पण ते लंगडत चालत नाही हो! आणि फोम मारल्यापासून माकडांचा धिंगाणासुद्धा आत ऐकू येत नव्हता.

आत आलो तर आवाज चालूच. आई उठून बसलेली, वर पाहत बोलत होती.

"उतरा जी आता. टिन तापलं असन. पऱ्हाट्या नाही लागत यंदा, पोरानं घर थंड केलं."

पावलं शिडीच्या बाजूला गेली आणि थांबली. आई तोंडाला पदर लावून खूप रडली. बाबा गेले तेव्हाही अशी रडली नव्हती. मग म्हणाली, "दे रंग. आता नाही येत ते." संध्याकाळी तिनं भाकर मागून खाल्ली.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. कोणाला कळलं तर जरूर सांगा. फक्त... आई बोलली, आणि मी ब्रश धरून नुसता उभा होतो. एकदा 'बाबा' म्हणून हाक मारायची, तेवढंही सुचलं नाही.