बाईंची दहा बोटं

"करंगळी, झोपलीस का?" असं बाई मला म्हणायच्या. मी मिशा राखणारा, उरवड्याच्या कारखान्यात शिफ्ट करून लग्नसराईत बँडमध्ये मोठा बाजा फुंकणारा बाप्या माणूस. पण बाईंच्या लेखी मी डाव्या हाताची करंगळी. बँडचे मालक दादा ट्रम्पेट वाजवतात, ते उजवी करंगळी. मधले आठ जण आपापल्या जागी. खरी नावं बाईंनी कधी विचारली नाहीत.

पुण्यात कॅम्पात आयुष्यभर पियानो शिकवून बाई पिरंगुटला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आल्या होत्या. खालच्या गाळ्यात आमची तालीम चाले. एका दुपारी त्या काठी टेकत जिना उतरल्या. आवाजावरून भांडायला आल्या असतील म्हणून दादांनी आधीच हात जोडले.

बाई म्हणाल्या, "दहा जण एकच चाल वाजवताय. मग दहा जण कशाला?"

तुम्हीही वरातीतला बँड ऐकला असेल. सगळे एकाच चालीमागे धावतात. बाईंनी पियानोची एक जुनी विलायती रचना घेतली आणि ती आम्हा दहा जणांत वाटली. चार चाली एकाच वेळी, आणि कुणी कुणाच्या मागे जायचं नाही. आम्हाला कागदावरचं वाचता येत नव्हतं, म्हणून त्या प्रत्येकाचा भाग गाऊन पाठ करून घेत. ढोलवाल्यांना सांगत, "तुम्ही जेवून या."

पियानोला दम लागत नाही, आम्हाला लागायचा. लांब सूर आला की माझा श्वास संपे. मग बाईंनी तो सूर दोघांत वाटला. शेजाऱ्याने हळूच धरायचा, मग मी सोडायचा, आणि सांधा कळता कामा नये. दादांना वरचे सूर झेपेनात, तेव्हा बाईंनी सगळी रचनाच खाली उतरवून पुन्हा बांधली.

"एवढा खटाटोप कशापायी, बाई?" दादांनी एकदा विचारलं.

बाईंनी हात पुढे केले. संधिवाताने बोटं वाकली होती. "ही आता चालत नाहीत. मला हे एकदा शेवटपर्यंत ऐकायचंय. रेकॉर्डवर नाही, समोर. म्हणून तुम्ही."

त्यानंतर कुणी कुरकुर केली नाही. पण जमतही नव्हतं. एक जण चुकला की बाकीचे सवयीने दादांच्या चालीला चिकटायचे आणि चारांची एक चाल व्हायची. बाई काठी आपटून थांबवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी खरं कारण सापडलं. आम्ही जन्मभर चालत वाजवलेलं, खुर्चीवर बसवलं की पाय अवघडायचे आणि डोकंही.

"मग रस्त्यावरच वाजवू," बाई म्हणाल्या.

"बाई, लोकास्नी नाचायला लागतंय."

"आधी ऐकतील, मग नाचतील."

उरवड्यात एका लग्नात नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला आणि आम्ही सुरू केलं. बाई काठी टेकत सोबत होत्या. रचना अर्ध्यावर आली असेल, तोच नवऱ्याचा मामा आडवा आला. "बंद करा हे. आमच्या हितं असलं न्हाई चालत." आमचे सूर डळमळले. दादांनी ट्रम्पेट ओठांवरून खाली घेतला नाही, पण नजर बाईंकडे गेली.

बाई घोड्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "घोडा शांत उभा आहे. तुम्हालाच कसली घाई?"

पाहुणे हसले. मामा पुटपुटत बाजूला झाला. आम्ही जागच्या जागी पाय हलवत वाजवत राहिलो, आणि त्या दिवशी चारही चाली शेवटापर्यंत वेगळ्या चालल्या. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "लई भांडत व्हता रं. पण ग्वाड भांडत व्हता." बाईंचे डोळे भरले होते. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

त्या थंडीत बाई गेल्या. पियानो भाचा टेम्पोतून घेऊन गेला. मला त्यांची फार आठवण येते, हे मी बँडमध्ये कुणाला सांगत नाही, कारण सगळ्यांचं तेच आहे.

आता सुपारी घेतानाच दादा सांगतात, "पयलं आमचं, मग तुमचं." न पटणारे डीजे लावतात. लावू देत. परवा एका लग्नात पाहुण्याने भर रस्त्यात हात वर करून "थांबवा" म्हटलं. आम्ही वाजवतच राहिलो. आम्हाला मध्येच थांबवायचा हक्क फक्त बाईंचा होता, आणि बाई आता नाहीत.