चार अँटेनांचा राउटर आणि कापसाची फळी

घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मोबाइल अडकला, टीव्हीचं चित्र गेलं, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बोंबलला, की मलाच हाक येते. मी कॉम्प्युटर सायन्सला आहे. स्टार्टरमधलं मला काही कळत नाही, हे मात्र मी घरी कधी नीट सांगितलं नाही.

इंटरनेट मीच हट्टानं घेतलं. यवतमाळकडून येताना बोरी अरबच्या अलीकडे आमचं गाव. घरात मोबाइलला रेंज नसते. फायबरची वायर पुढच्या खोलीच्या खिडकीतून, मधल्या दाराच्या चौकटीच्या कडेनं आतल्या खोलीत गेली आणि कंपनीचा वायफायचा डबा तिथल्या कोनाड्यात बसला. दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं. मग वेचणी सुरू झाली आणि भाव वाढेपर्यंत ठेवायचा म्हणून कापूस नेहमीसारखा त्याच खोलीत भरला गेला.

अशातच शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन मुलाखतीला, नाव सांगून होताच, माझं नेट गेलं. डब्यावर लाल दिवा. मी रडकुंडीला येऊन शेताच्या बांधावर गेले, तिथं जेमतेम रेंज येते, आणि मेल केला. उत्तर आलं: सोमवारी अकरा वाजता आणखी एक संधी, शेवटची.

बाबा त्या दिवशीच म्हणाले होते, "लाइन पाह्यली काय पुरी? ठिबकचं पानी नाई आलं तं आपन मोटरपासून नळी पाहत जातो."

"बाबा, यातून पाणी नाही, प्रकाश जातो."

"असं काय," म्हणून ते शेतात गेले. मला स्वतःच्या उत्तराचा थोडा अभिमानही वाटला.

बांधावरून फोन लावला तर कस्टमर केअरनं सांगितलं, डबा बंद करून दहा मिनिटांनी चालू करा. म्हणजे कापसाच्या ढिगावर चढणं आलं, आणि पाय धुतल्याशिवाय आई कापसावर चढू देत नाही. दोन दिवसांत माझे पाय जितके स्वच्छ झाले तितके दिवाळीतही नव्हते. दिवा लालच.

मग मी निष्कर्ष काढला की राउटर कमजोर आहे. बांधावर बसून राउटरची परीक्षणं वाचली आणि शनिवारी एसटीनं यवतमाळ गाठलं.

"किती खोल्या, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"तीन. एकीत कापूस भरलाय."

"मंग दोनच धरा. कापसाले कायले पाह्यजे रेंज?"

"पण डबा तिथंच आहे."

त्यानं लगेच चार अँटेनावाला उचलला. "मंग हा घ्या. भिंती फाडून जाते हा."

घरी येऊन पाय धुतले, वर चढले, नवा राउटर जुन्या डब्याला जोडला. त्याचे चारही कान टवकारलेले. ऐकायला काहीच नव्हतं. डब्यावर लाल दिवा तसाच.

"चार शिंगं हायेत तरी चालत नाई काय व?" आईनं खालून विचारलं.

सोमवारी दहा वाजता मी ढिगाकडे बघत नुसती बसले होते. बाबा आले. त्यांनी वायर दोन बोटांत धरली, खिडकीपासून, जशी ते ठिबकची नळी धरतात, आणि चालत मधल्या दारापाशी आले. तिथं थांबले. कापूस बाहेर सांडू नये म्हणून दाराला आडव्या फळ्या लावल्या होत्या. ढीग वाढला तशी दुसरी फळी लागली होती, आणि चौकट व त्या फळीच्या मध्ये माझी वायर काटकोनात चेपली होती. मागून सगळ्या कापसाचा रेटा. ती फळी बाबांनी लावली तेव्हा दुसरं टोक मीच धरलं होतं.

"मोड आला तं पानी येत नाई," बाबा म्हणाले. "तुह्या परकाशाचं मले मालूम नाई."

फळी काढून वायर सरळ केली. आई कोनाड्याकडे बघत होती. "हिरवा झाला व!"

अकराला दहा मिनिटं होती. फळी परत लावताना पुन्हा काही चेपलं तर? "आता कोणीच काही हलवू नका," मी ओरडले. पण कापूस घरंगळायला लागला होता. बाबांनी दाराकडे पाठ केली, पाय रोवले आणि ढिगाला टेकून बसले. "कर तुह्यं."

मुलाखत सुरू झाली. तिसरा की चौथा प्रश्न होता: अलीकडे सोडवलेली एखादी तांत्रिक अडचण सांगा. मी राउटरच्या अँटेनांपासून सुरुवात केली. तितक्यात समोरच्या मॅडम थोड्या पुढे झुकल्या.

"तुमच्या मागे दारात कोण बसलंय?"

मी मागं वळून पाहिलं. बाबांच्या खांद्यांवर, केसांत कापूस होता, आणि शाळेच्या फोटोला मुलं बसतात तसे ते ताठ बसले होते.

"माझे बाबा आहेत, मॅडम," मी म्हणाले. "ते फळीच्या जागी आहेत."

कुणालाच काही कळलं नाही. मग मी अँटेना सोडून दिल्या आणि अडचण पहिल्यापासून सांगितली: ती कोणी केली, आणि कोणी सोडवली.