उळवीच्या वाटेवरचा कडबा

ती केस आठवली की आजही मला आधी वास आठवतो, मग माणसं. नव्वदच्या दशकात मी जोयडा ठाण्याला फौजदार होतो. लोक बैलगाड्या जुंपून जातात ती उळवीची जत्रा संपत आली होती, बंदोबस्ताने सगळं ठाणं थकलं होतं, आणि नेमकं तेव्हाच वनरक्षकांनी एका तरुण शेतकऱ्याला आणून आमच्या हवाली केलं. त्याच्या शेतामागच्या जंगलातली नरक्याची झाडं मुळासकट तोडली गेली होती.

नरक्या तोडला की असा घाण वास सुटतो की कुणी तो चुलीतही घालत नाही. मग चोरतंय कोण? रेंजरसाहेबांनी खुलासा केला. त्या लाकडातल्या द्रव्यापासून कॅन्सरवरचं औषध करतात, फुफ्फुसाच्या कॅन्सरवर ते कितपत चालेल याच्या चाचण्या सुरू आहेत, आणि म्हणून व्यापारी टपलेत.

दुपारी त्या पोराची आई चालत ठाण्यावर आली. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढे उभं करायचं होतं. तो आत गेला तर शेत कसायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

"सायेब, त्यानं नरक्या तोडला असता तर मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतला असता व्हय? सदरा हुंगून बघा त्याचा."

मी हवालदाराला हुंगायला लावलं. "कायबी वास न्हाई, साहेब." पण हा गृहस्थ दिवसभर बिडी ओढायचा, त्याच्या नाकावर भरवसा कसा ठेवणार? शेवटी मीच हुंगलं. घाम आणि शेण, बाकी काही नाही. पण एवढ्यावर कोर्ट ऐकत नाही.

मी बाईंना चहा दिला. घोट घेता घेता त्या वाटेतलं सांगू लागल्या. "आज बैलबी रुसल्यात बघा. वड्याकाठी एक गाडी सोडलीया. गाडीभर कडबा हाय, पन बैल ढुंकून बघंनात."

मी कप खाली ठेवला. जत्रेकरू घरून कडबा भरून निघतात आणि जाऊन येईपर्यंत बैल तो संपवतात. परतीच्या वाटेवर गाडीभर कडबा कुणाकडे उरतो?

ओढ्यावर गाडीवान निवांत बसला होता. "बैल आजारी हाईत, सायेब." मी शेजारच्या गाडीतली उरलीसुरली एक पेंढी मागून बैलांपुढे टाकली. आजारी बैलांनी ती बघता बघता फस्त केली. गाडीवानाची मान खाली गेली. कडबा उपसला तर खाली पोती, आणि पोत्यांत नरक्याच्या ओल्या ढलप्या. कडब्यात मुरलेला तो वास बैलांना आधीच आला होता, आता हवालदारालाही आला.

गाडीवानाने रामनगरच्या व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, आणि तो पोरगा त्यांच्यात नव्हता हेही. व्यापारी मला म्हणाला, "साहेब, औषधालाच जातंय. पुण्यच लागेल."

"मुळासकट नेलंत तर पुढच्या रोग्याला काय द्याल?" मी विचारलं. 

संध्याकाळी मायलेक घरी गेले. मला खरंच आनंद झाला. माणूस सांगतो ते ऐकावं, पण त्याचे बैल काय खातात तेही बघावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

पावसाळ्यानंतर हवालदाराला घेऊन गस्तीवर असताना त्यांच्या शेतावर गेलो. शेतामागच्या नरक्यांपैकी एक खुंट तेवढा शाबूत राहिला होता. त्याला कोंब फुटले होते आणि बाईंनी भोवती काट्यांचं कुंपण घातलं होतं.

"ह्ये कुनाच्या दुखन्याला लागतंय म्हनं?" त्यांनी विचारलं.

"फुफ्फुसाच्या," मी म्हणालो.

बाईंनी बिडी शिलगावायला निघालेल्या हवालदाराकडे पाहिलं. "मग ह्येला आधी बिडी सोडाया सांगा. आमच्याकडं येवढंच झाड उरलंय."

हवालदाराने बिडी पुन्हा खिशात घातली.