खाचेतली जुनी रिंग

उत्तरेतल्या मनीमाजऱ्याच्या एका गल्लीत राजाभाऊ मांढरेंना सगळे ‘फौजी मिस्त्री’ म्हणतात. गडी मूळचा वाईकडचा. चोवीस वर्षं सैन्याच्या वर्कशॉपात काढली आणि निवृत्तीनंतर इथेच गॅरेज टाकलं. लिलावात निघालेले जुने लष्करी जोंगे, म्हणजे जीपसारख्या दणकट गाड्या, लोक हौसेने घेतात आणि ऑइल फिल्टर गळायला लागला की राजाभाऊंकडे आणतात.

संधूसाहेबांचा जोंगा मात्र त्याच गळतीसाठी तिसऱ्यांदा आला होता. निवृत्त कर्नल, पण रागावले नाहीत. “कोई बात नहीं राजाभाऊ, उम्र हो गई,” म्हणत चहाला गेले.

“गाडीची म्हणाले की माझी?” डबा घेऊन आलेल्या बायकोला राजाभाऊंनी विचारलं.

“विचारायचं ना त्यांनाच!”

“आज गळलं, तर शटर ओढलं म्हणून समज. जाऊ वाईला.”

वाईला चला म्हणून दहा वर्षं मागे लागलेल्या सरलाबाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हा माणूस वाईला बसून करणार काय?

फिल्टरचा डबा जिथे बसतो तिथे गोल खाच असते. नवी रबरी रिंग घालण्याआधी जुनी काढायची; पण ती तापून तापून इतकी कडक होते की लोखंडच वाटते. राजाभाऊ तिथे नख फिरवत. वर्षभर तर नखावरच भिस्त होती. नीट दिसत नव्हतं, पण विचारलं की म्हणायचे, उजेड कमी आहे.

“खाच साफ आहे,” बोट फिरवून ते म्हणाले.

सरलाबाईंनी ते बोट पाहिलं. त्याला नखच नव्हतं. लेक संपदाच्या साखरपुड्यासाठी ती काळी नखं त्यांनीच मुळापासून कापली होती. तेव्हापासून दर आठवड्याला कापत होत्या.

“सरका बघू.”

“अगं, साडी!”

“धुता येते.” त्यांनी खाचेत नख घातलं. “इथे अडकतंय काहीतरी.” बांगडीतली पिन काढून उचकटलं, तर काळं वेटोळं तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. दोन्ही वेळा नवी रिंग त्याच्यावरच बसली होती.

राजाभाऊंनी तुकडे तळहातावर घेतले. “रिक्रूटने हे केलं असतं, तर मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या.”

“नखं मी कापली. पाच माझ्या.”

नवी रिंग तेल लावून बसवली. खाली वर्तमानपत्र पसरून इंजिन पंधरा मिनिटं चालवलं. कागद कोरडा.

“वाह! क्या निकला?” साहेबांनी परत येऊन विचारलं.

आता हे रबराच्या नावाने बोटं मोडणार, सरलाबाईंना वाटलं.

“गलती मेरी थी, साहब. पुरानी रिंग अंदर रह गई थी.” राजाभाऊ थांबले. “दिखी नहीं मुझे.”

“मेरा मोतियाबिंद पिछले साल निकला. घंटे भर का काम है. डरते हो, फौजी?”

जोंगा गल्लीबाहेर गेला. राजाभाऊंनी हात पुसले.

“सोमवारी डोळ्यांचा दवाखाना किती वाजता उघडतो गं?”

“आठला,” सरलाबाईंनी ताबडतोब सांगितलं.

“कधीपासून पाठ करून ठेवलंयस?”

“झालं की वर्ष.”