खदानीतली हजेरी

प्रेमानंद रामटेकेला मी बावीस वर्षं ओळखतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत आमची गिअरची कंपनी. मी स्टोअरमध्ये, तो क्वालिटीत. त्याचं काम म्हणजे तयार माल मोजायचा आणि केसभर फरक निघाला की परत पाठवायचा. असला माणूस कंपनीत कुणालाच आवडत नाही, मलाही आवडत नव्हता. पण वानाडोंगरीत आम्ही एकाच गल्लीत राहतो आणि माझी गाडी दर आठवड्याला बंद पडायची. मग त्याच्या गाडीवर मागे बसून जाता-येता दोस्ती झाली.

जे झालं त्यावर आता कंपनीत सगळे त्याला शहाणपण शिकवतात. मला त्यांचा राग येतो. प्रेमानंदचाही येतो. माझाही येतोच, पण तो मी सहसा बोलून दाखवत नाही.

कोरोनाची दुसरी लाट ओसरली आणि कंपनी पुन्हा सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. शेड महिनाभर बंद होती. फर्स्ट शिफ्टला शटर उघडलं तर लेथ मशीनच्या मागे एक घुबड पडलेलं. हातभर उंच, डोक्यावर शिंगांसारखी दोन पिसं, डोळे नारिंगी, एक पंख लोंबलेला. कामगार जागच्या जागी थांबले. सुपरवायझरने लिंबू-मिरची आणायला माणूस पिटाळला.

आमच्याकडे घुबडाला दगड मारत नाहीत. मारला तर घुबड तो दगड उचलून नेतं, पाण्यात बुडवून घासत बसतं, आणि दगड झिजेल तसतसा मारणारा माणूस झिजत जातो. हे मला आईने सांगितलं, मी माझ्या पोरांना सांगितलं. विश्वास आहे का म्हणाल तर नाही. दगड माराल का म्हणाल, तर तेही नाही.

प्रेमानंदने ॲप्रन काढला, घुबडावर टाकला, ते उचललं आणि गिअरच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं.

"काहून भिऊन राहिले गा?" तो म्हणाला. "पाखरू आहे. लागलं त्याले."

वनखात्याच्या माणसांनी ते उपचाराला नेलं आणि तीन आठवड्यांनी एमआयडीसीच्या मागच्या जुन्या खदानीजवळ सोडलं. गिट्टीची ही खदान कधीचीच बंद पडलेली. तळाशी हिरवं पाणी, समोर उभा कडा, वरच्या अंगाला दहा-बारा घरांची वस्ती. खदानीचा म्हातारा चौकीदार भैय्याजी त्याच वस्तीत राहायचा. प्रेमानंद शिफ्ट सुटली की रोज तिकडे वळायचा, घुबड जिवंत आहे का बघायला. मी मागे बसलेलो, त्यामुळे मलाही जावं लागे. अंधार पडायच्या आत ते कड्यातल्या एका कपारीतून बाहेर येऊन बसायचं आणि खोल आवाजात दोनदा घुमायचं. मी गाडीच्या आडोशाला सरकायचो. प्रेमानंद मात्र लग्नातल्या व्याह्यासारखा खूश.

त्याने एक वही घातली. कंपनीतल्या तपासणीच्या कागदासारखेच रकाने: तारीख, वेळ, हवा, शेरा. वर नाव लिहिलं, 'हजेरी'. दुसऱ्या वर्षी घुबडाला मादी मिळाली आणि वहीत एक रकाना वाढला. प्रेमानंदची बायको नंदिनी म्हणायची, "घरच्या माणसाईची हजेरी नाही घेत तुम्ही, घुबडाईची घेता."

ब्लॉगचं डोकं रोशनीचं, म्हणजे त्याच्या पोरीचं. ती तेव्हा कॉलेजात होती. "बाबा, वहीत ठेवून कोण वाचनार हे?" म्हणाली, आणि एका दुपारी ब्लॉग काढून दिला. मग चॅनेल. नाव तेच, 'हजेरी'. पहिल्या व्हिडिओत प्रेमानंद पाच मिनिटं घुबडाने ओकलेली एक गोळी चिमट्याने उकलतो आणि उंदराची हाडं मोजतो. एकवीस लोकांनी पाहिला. त्यातले नऊ आमच्याच गल्लीतले.

त्याची आई तुळसाबाई मात्र रोज बघायची. छप्पन साली वडिलांच्या खांद्यावर बसून ती दीक्षाभूमीवर गेली होती. परत आल्यावर वडिलांनी देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले, आणि आठ दिवस गाव वाट पाहत होतं की या घरात कोण मरतं. कोणी मेलं नाही. ही गोष्ट ती शंभरदा सांगायची आणि शेवटी म्हणायची, "माह्या बापानं देवाची भीती काढली, माहा पोरगा घुबडाची काढून राहिला."

आईचा हा शब्द प्रेमानंदच्या डोक्यात बसला. नुसती हाडं मोजून भागणार नाही, लोकांची भीती मोडायला हवी, असं त्याने मनावर घेतलं. एका संध्याकाळी खदानीवर त्याने माझ्या हातात फोन दिला आणि म्हणाला, "धर. हलवू नको." मग एक दगड उचलून त्याने कपारीच्या बराच खाली, कड्यावर भिरकावला. घुबडाला लागणार नाही याची पुरेपूर काळजी घेऊन.

"मित्रहो," तो फोनकडे बघून म्हणाला, "मी घुबडाले दगड मारला. आता मी झिजतो का, ते तुम्ही पाहा."

पुढचे सहा रविवार तो रेशन दुकानाच्या काट्यावर उभा राहिला. पहिल्या रविवारी एकसष्ट किलो, शेवटच्या रविवारी साडेबासष्ट. ते सगळं रोशनीने जोडून एक व्हिडिओ केला आणि तो तीन लाख लोकांनी पाहिला. कंपनीत साहेबांनी बोलावून पाठ थोपटली. फोन मी धरला होता हे मीही चार जणांना सांगितलं. छाती फुगवूनच सांगितलं.

पंधरा दिवसांत खदानीवर पोरं दिसायला लागली. आधी वस्तीतली, मग गाड्यांवर येणारी. दगड मारायची, फोनवर व्हिडिओ काढायची, 'आम्हीही झिजलो नाही' असं लिहून टाकायची. प्रेमानंद त्यांच्या अंगावर धावून गेला तर ती हसली. "तुम्हीच तं मारला न काका."

भैय्याजी बाजेवर बसून हे बघायचा. "रामटेके साहेब," तो एकदा म्हणाला, "पहिले इकडं कोनी येत नव्हतं. कुत्रं बी नाही. भेव होतं न."

मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी वाईट करून बसलोय.

पावसाळा सरला तसे ब्लॉगवर वेगळेच प्रश्न यायला लागले. नर किती मोठा आहे? कानावरची पिसं किती बोटं? नखं पूर्ण आहेत का? विचारणारे 'सर, सर' करायचे, फार अदबीने लिहायचे. प्रेमानंदला ते अभ्यासू वाटले. गळालेलं पीस कंपनीच्या व्हर्नियरवर मोजून तो मिलिमीटरपर्यंत उत्तर द्यायचा. मी म्हटलं, "हे लोक काहून विचारून राहिले, पाह्य बरं." तो म्हणाला, "विचारलं तं सांगा लागते. लपवण्यासारखं काय आहे त्यात?" आयुष्यभर ज्याने कधी माप लपवलं नाही, तो आता कसा लपवणार?

दिवाळीला दहा दिवस राहिले असताना एक पांढरी गाडी खदानीजवळ दोनदा येऊन गेली. काचा काळ्या. दिवाळीच्या पूजेत बळी द्यायला मोठी, धडधाकट घुबडं धरतात, असं मी ऐकून होतो. प्रेमानंदनेही ऐकलं असणार, पण त्याच्या लेखी त्या 'जुन्या काळातल्या गोष्टी' होत्या. तिसऱ्या दिवशी कपारीतून नर बाहेर आला नाही. कड्याच्या माथ्यावर नवा नायलॉनचा दोर बांधलेला होता आणि खाली पिसं पडली होती. वस्तीतल्याच दोन पोरांनी त्या लोकांना वाट दाखवली होती. आधी हीच पोरं दिवेलागणीला खदानीकडे पाठ करून घर गाठायची.

वनखात्याच्या कार्यालयात त्याची तक्रार लिहून घेतली. लिहून झाल्यावर तिथल्या माणसाने सरळ विचारलं, "पन त्याईले पत्ता कोनं देल्ला?" प्रेमानंदने स्वतःचाच व्हिडिओ उघडून त्याच्यासमोर धरला. परतताना गाडी मी चालवली.

मादी राहिली होती. ती रोज संध्याकाळी एकटीच घुमायची, आणि ब्लॉगवर प्रश्न आला होता: 'सर, मादी अजून तिथंच आहे का?' त्या रात्री त्याने ब्लॉग बंद केला, चॅनेलही. पण लोकांच्या फोनमध्ये उतरलेले व्हिडिओ कुठून पुसणार? तीन लाखांपैकी कुणाकुणाच्या पाया पडणार?

मग त्याने जे केलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं नसतं तर खरं मानलं नसतं. खदानीच्या वाटेवरच्या टपरीवर, भर गर्दीत, चहाचा कप हातात धरून प्रेमानंद रामटेके म्हणाला, "तिकडं जाऊ नका. मादी आता पिसाळली आहे. जोडीदार गेला तिचा. ते लहान लेकराईवर डोळा ठेवते. मी स्वतः पाह्यलं."

टपरीवरचे सगळे त्याच्याकडे वळले. दोन वर्षं तो हाडं मोजून दाखवत होता तेव्हा एवढं मन लावून त्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आठवड्यात खदान रिकामी झाली. पोरं गेली, गाड्या थांबल्या. मादी निवांत कपारीत बसायला लागली. प्रेमानंदला चार दिवस शांत झोप लागली.

तुळसाबाईला शेजारणीकडून कळलं. तिने पोराला समोर बसवलं.

"तू बोलला हे?"

"तिले वाचवाले बोललो, माय."

"माह्या बापानं घरातून भीती काढली," ती म्हणाली, "अन् तू ते वापस आनली. कोनाच्या घरात घुसन, तुले काय मालूम?" त्यानंतर ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

पुढच्याच आठवड्यात भैय्याजीची सात वर्षांची नात गार्गी तापली. डेंग्यू. त्या महिन्यात निम्म्या नागपुरात डेंग्यू होता. तिला सरकारी दवाखान्यात ठेवलं, पेशी उतरायला लागल्या. मग वस्तीतलं आणखी एक पोर तापलं.

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत पंचवीसेक माणसं आली. हातात काठ्या, दगड, दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब. पुढे भैय्याजी. त्याचे डोळे रडून सुजले होते. त्याने प्रेमानंदला हात जोडले.

"साहेब, तुम्ही म्हणत होते ते खरं झालं. ते माह्या पोरीले नेऊन राहिलं. कड्याले कपारी लय आहेत. दिवसा ते नेमकं कुठं बसते, तेवढं सांगा."

"ताप डासानं येते, भैय्याजी," प्रेमानंद म्हणाला. "घुबड काहीच करत नाही. मी खोटं बोललो होतो."

भैय्याजीने मान हलवली. साहेब भला माणूस, पाखरावर जीव आहे, म्हणून असं बोलतो, अशी त्याची समजूत झाली असावी. मग हातातला दगड पुढे करून त्याने अगदी खरोखर, भीत भीत विचारलं, "दगडानं तं मारनाऱ्याले काही होत नाही न?"

प्रेमानंदने मागे वळून पाहिलं. दारात तुळसाबाई उभी होती.

"होते," तो म्हणाला. "माणूस झिजते. हातपाय गळतात. नका मारू, भैय्याजी."

भैय्याजीचा हात खाली आला. क्षणभर वाटलं, टळलं. तेवढ्यात मागून एका पोराने फोन वर धरला. "मंग तुमचं वजन काहून वाढलं गा, काका?" आणि त्याने व्हिडिओ लावला. रेशन दुकानाचा काटा, काट्यावर प्रेमानंद, आणि त्याचाच हसरा आवाज: "पाहा मित्रहो, साडेबासष्ट!"

तुळसाबाई पायऱ्या उतरून आली. "काही नेत नाही ते पाखरू," ती ओरडली. "माहा पोरगा खोटा आहे! खोटा!" तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. लोक खदानीकडे चालायला लागले होते. प्रेमानंद त्यांच्यामागे धावला तेव्हा मी त्याला कमरेतून धरलं. लोक त्याला मारतील अशी मला भीती वाटली. सोडलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे. मी सोडलं नाही.

अर्ध्या तासाने तिकडून बॉम्बचे आवाज आले. मग कावळ्यांचा कालवा. भैय्याजी एकटाच परत आला. त्याने आमच्या नळावर हात धुतले, प्रेमानंदपाशी येऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "लय उपकार झाले, साहेब." प्रेमानंद ओल्या हातांनी उभाच राहिला.

गार्गीचा ताप चौथ्या दिवशी उतरला. पेशी वाढल्या, आठवड्यात ती घरी आली. वस्तीने मिठाई वाटली. माझ्याही घरी आली, आणि मी खाल्ली.

आता आमच्या भागात कुणाचं पोर तापलं की आई-बाप आधी प्रेमानंदच्या दाराशी येतात. चपला बाहेर काढतात, अदबीने बसतात आणि विचारतात, साहेब, दुसरं घुबड कुठं बसते?