आबांसाठी तबला उतरवा

सुकलालआबांशी माझी पहिली ओळख बैलाच्या हाकेने झाली. नववीतून शाळा सुटल्यावर कळसाडीहून मी त्यांच्या ओट्यावर भजन शिकायला गेलो. पेटीपुढे बसलो, पण भीतीने आवाजच फुटेना. आबा म्हणाले, “वावरमा बैलले कशी हाक मारस? तशीच मार.” मी लाजत हाक दिली. त्यांनी पेटीची एक पट्टी दाबून धरली. “हाई तुन्ही पट्टी. काळी दोन. आते म्हण.”

भजनी मंडळात आबांची हीच रीत होती. जो अभंग म्हणणार, त्याच्या गळ्याप्रमाणे तबला लावायचा. खालच्या गळ्यासाठी मोठ्या तोंडाचा, चढ्या गळ्यासाठी लहान तोंडाचा. पुडीच्या, म्हणजे तबल्यावरच्या कातड्याच्या, कडेला विणलेल्या गजऱ्यावर हातोडी वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. एका बाजूला सूर जुळला म्हणून आबा थांबत नसत. पुडीभोवती सगळीकडे ठोकून, कान लावून पाहत.

ऊसतोडीला आलेले सातपुड्यातले एक पावरा आदिवासी गृहस्थ दारात उभे राहून भजन ऐकत असत. आबांनी त्यांना आत बसवून गायला सांगितले. त्यांची बोली आबांना नीट येत नव्हती, तरी आबांनी त्यांचा सूर शोधला आणि बैठक थांबवून तबला लावला. कोणी कुरकुरले, तेव्हा आबा म्हणाले, “पाव्हना शे तो. पाव्हनाले आपली चप्पल घालाले लावशात का?”

पुढे स्पर्धेत चढा सूर उठून दिसतो म्हणून मंडळाने पट्टी कायमची काळी चार केली. मोठ्या तोंडाचा तबला देवळाच्या माळ्यावर गेला. त्याच सुमारास वयामुळे आबांचा गळा उतरला. काळी चारमध्ये अंतरा त्यांना पेलेना. तबला जरा खाली घेता का, असे त्यांनी एका एकादशीच्या भजनाला एकदाच विचारले.

आमचे अध्यक्ष हसत म्हणाले, “आबा, एकटासाठे काय उतारवानं? तुम्ही टाळ्या वाजाडा.”

“त्या बी काळी चारमाच वाजाडू का?” आबा म्हणाले.

सगळे हसले. आबाही हसले. त्या एकादशीनंतर ते मंडळात गायलेले नाहीत.

आता पंचाहत्तरीनिमित्त तेच मंडळ त्यांना शाल, श्रीफळ आणि मानपत्र देणार आहे. कार्यक्रमपत्रिकेत स्वागतगीत आहे, पाच भाषणे आहेत. आबांचे भजन नाही. या गौरव अंकासाठी “चांगलंच लिहा,” असे समितीने मला बजावले होते. आबांविषयी वाईट लिहावे असे काही मला सापडले नाही. जे सापडले ते आपल्याविषयी होते, आणि ते गाळून हा लेख पुरा होईना.

आबांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे हात आणि कान असेच शाबूत राहोत. पण दुसऱ्यांच्या सुराला टाळ्या वाजवत बसण्यासाठी मी त्यांना शंभर वर्षे चिंतत नाही. मोठ्या तोंडाचा तबला मी माळ्यावरून उतरवून घेतला आहे. पुडी फाटलेली नाही. ती ताणणाऱ्या चामड्याच्या वाद्या ओढून घेतल्या आहेत. समारंभाच्या दिवशी मी तो पुढ्यात घेऊन बसेन.

आबांनी बैलाला देतात तशी एक हाक द्यावी. पट्टी मी शोधीन.